पुऱ्या फुटातलं घर

वामन, हे पत्र घेऊन असा निवांत बस. फोनवर जयभीम घातला की लगेच "रेंज नाई बाई" म्हणून ठेवून देतो, काऊन रे? लहान भाऊ आहेस, म्हणून लाडानं विचारून राह्यली. काय लपवून राह्यला तू?

माझ्या लेकीनं, सुजातानं मले पुण्याले नेलं त्या सकाळी माजरीच्या स्टेशनावर तूच माझी पेटी डब्यात चढवली. बाजूच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती. मी एकच गोष्ट मागितली, बाबांचं घर पाडू नको. तू म्हणाला, "बाई, छपराचं एक कवेलू हलणार नाई." मी डोळे पुसले अन् बसली गाडीत.

इथी आमचा सातवा मजला. जावयाले छोट्या रेल्वेचा भारी नाद. बैठकीत टेबलभर रूळ, सिग्नल, बोगदा. विकत आणलेली घरं मात्र परदेशी, बर्फ घसरावं अशा छपरांची. मी म्हटलं, "जावईबापू, या घरात आपलं माणूस राहीन का?" ते हसले. मग मीच लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापायले बसली. सगळं सत्त्याऐंशी पट लहान करायचं. सहा फुटांचा माणूस एकवीस मिलिमीटर! कवेलू चिमट्यानं चिकटवते, चहाच्या गाळणीतून माती गाळून भिंतीले लावते. फाटक झालं, गँगमनची झोपडी झाली. म्हटलं, आता आपलं घर.

तुले मापं मागितली. तू पाठवली. लांबी वीस फूट, रुंदी बारा, दार सात. तसं घर केलं, दारात तो एकवीस मिलिमीटरचा माणूस ठेवला. तो न वाकता आत गेला. आपल्या दारातून कोण सरळ गेलं रे कधी? बाबा ओरडायचे, "वाका रे, कपाळ फोडसान!" तुझ्या सासऱ्याचं टेंगूळ विसरला काय?

अन् बाबांनी घर हातानं मोजून बांधलं. मातीची भिंत, कुठी जाड, कुठी बारीक. तिचं माप असं पुऱ्या फुटात येते का कधी? पुरे फूट येते मिस्त्रीच्या कागदावर, सिमेंटच्या घरात.

तवापासून शंका जात नाई. मागच्या भिंतीचा फोटो मागितला, तर मोहाचं झाड पाठवलं. व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागं चादर टांगलेली. तुझ्या बायकोले, वनितेले विचारलं, तर म्हणते, "मापाचं त्यायलेच विचारा बाई, मी पोळ्या करून राह्यली." दुपारी चार वाजता कोणाच्या पोळ्या?

पाडलं असंल तर पाडलं. भिंत फुगली होती, मलेही ठाऊक आहे. तुझ्या पोरीयले पक्कं छत पाहिजे, हे मले समजत नाई का? पण इथी कोणी विचारलं, घर कुठी तुमचं, तर माझ्या तोंडून अजून त्याच घराचं नाव निघते. ते आता म्हणायचं का नाई, एवढं तरी मले कळू दे.

फोनवर नको सांगू, फोनवर तुले खोटं पचते. सोयाबीन निघालं की वनितेले घेऊन ये, लवकर ये. समोर बसून सांग. मी रागावली तर रागावली, जेवायले वाढीनच.