इन्स्पेक्टरसाठी जपलेली पुस्तकं

आज शालू ठेवलेल्या पेटीतून डांबरगोळ्यांचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. तिकडे उत्तरेत, सीपरी बाजारातल्या आमच्या हिंदी शाळेत पुस्तकांच्या कपाटाला हाच वास यायचा. ते कायम कुलूपबंद असे.

एकदा नव्या बहनजींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, ते उघडलं, पुस्तकं आमच्या हातात दिली, एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, “बताओ, राजा सही था?” आम्ही मुली तावातावानं भांडलो. वर्गात मी पहिल्यांदाच उभी राहून “नहीं!” म्हणाले.

गलका ऐकून बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या. “किताबें मैली हो गईं तो इन्स्पेक्टर साहब को क्या दिखाएँगे?” म्हणत त्यांनी माझ्या हातातून पुस्तक हिसकावलं आणि पुन्हा कुलूप घातलं.

तेव्हा वाटलं, आमचंच चुकलं. आता संताप होतो. पुढे त्या कपाटाला वाळवी लागली. ती पुस्तकं पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत संपवली, ती फक्त तिनंच.