मॅडमच्या खुर्चीला हार

नांदेडच्या एका हॉटेलात टाय लावलेल्या प्रशिक्षकानं आम्हा क्लासवाल्यांना सांगितलं की खरा लीडर स्वतः काम करत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण तोवर घरचे त्याला आळस म्हणत होते. उपायही त्यानंच सांगितला: व्हर्च्युअल असिस्टंट ठेवा. माणूस आपल्या गावी, काम तुमच्या ऑफिसात, आणि लीडर विचार करायला मोकळा.

लातुरात माझा मेडिकल प्रवेशाचा क्लास आहे. दारावरच्या बोर्डावर माझा फोटो मोठा आणि पास झालेल्या पोरांचे लहान. मी उमरीच्या एक मॅडम नेमल्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. सासू अंथरुणाला खिळल्यामुळे घरी होत्या. पालकांचे फोन घ्यायचे आणि टेस्टचं वेळापत्रक कळवायचं, एवढंच काम. मी मोकळा झालो आणि विचार करू लागलो. विचार एकच सुचला: ही बाई खरंच काम करते का?

हा स्वभाव त्र्याण्णवच्या भूकंपानं दिला. त्या वर्षी मी सातवीत होतो. गाव पडलं, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो, आणि छावणीत लावलेल्या मेलेल्यांच्या यादीत माझ्या काकाचं नाव निघालं. काका त्याच यादीपुढे गर्दीत जिवंत उभा होता. डोक्याला पट्टी असल्यानं कुणी ओळखलं नाही. लोक त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते की तो दोन दिवस गप्प हिंडला. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आला तेव्हा मी रडून रडून आजारी पडलो होतो. मला त्याचा भयंकर राग आला. तेव्हापासून डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं.

म्हणून मी रिसेप्शनमध्ये मॅडमसाठी खुर्ची मांडली. खुर्चीवर उशी, उशीवर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये मॅडम. दहा ते सहा त्यांनी कॅमेऱ्यापुढे बसायचं. लाइन तुटली तर खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून पडद्यावर त्यांचा मोठा फोटो येईल, अशीही सोय करून घेतली. आमचे जुने शिपाई, चाचा, सुरुवातीला त्या खुर्चीपुढे चहासुद्धा ठेवायचे आणि निवल्यावर स्वतः प्यायचे.

उमरीत लाइट सारखी जायची. मॅडमपेक्षा त्यांचा फोटोच जास्त हजर. नवरात्रात मी ठरवलं, दिवाळीनंतर मॅडमना नारळ द्यायचा. तसं कळवलंही. त्या म्हणाल्या, नव्या माणसाला मी सगळं समजावून देईन. वेळापत्रक कळवण्यात समजावण्यासारखं काय असतं, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

खंडेनवमीला चाचांना म्हणालो, सगळ्या मशिनींना हार घाला, आणि बॅनरवाल्याकडे निघून गेलो. मोघम हुकूम सोडून निघून जाणं यात माझा हात धरणारा लीडर मराठवाड्यात नाही. चाचांनी झेरॉक्सला हार घातला, इन्व्हर्टरला घातला, हजेरीच्या मशिनीला घातला. मग खुर्चीवरच्या लॅपटॉपलाही घातला आणि पुढे उदबत्ती लावली. उमरीत सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे हारात मॅडमचा फोटो होता.

दुपारी परत आलो तर दहा-बारा पालक चपला बाहेर काढून खाली बसलेले. मला वाटलं, टेस्टचे मार्क बघून भांडायला आलेत. पण बहुतेकांनी हात जोडले होते. एक बाई पदरानं डोळे पुसत होती. मुलीचा डबा द्यायला ती सकाळी आली होती, तिनं तो हार पाहिला आणि पालकांच्या ग्रुपवर कळवलं. तिथं श्रद्धांजलीचा पाऊस पडला होता.

कंधारहून आलेल्या एका गृहस्थांनी उठून माझा हात धरला. मी तिथल्या तिथं खुलासा करायला हवा होता. तोंड उघडलंही, पण ते बोलायला लागले आणि मी गप्प राहिलो, अगदी काकासारखा.

त्यांच्या पोरानं घरचे फोन घेणं बंद केलं होतं. त्यांनी मॅडमना गाठलं.

"मॅडम म्हणल्या, मार्क इचारू नका. जेवलास का, येवढंच इचारा. पंधरा दिवस तेवढंच इचारलं, सर. मग पोरगं आपून बोललं."

डबेवाल्या बाईची मुलगी टेस्टच्या दिवशी उठायची नाही, तिला पहाटे मॅडमचा फोन जायचा. आणखी एकाच्या मुलाला ताप आला, तेव्हा हॉस्टेलवर डॉक्टर मॅडमनी पाठवला होता. मी संचालक. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तुमचं बी उपकार हायेत," कंधारचे गृहस्थ म्हणाले. "सर रोज तुमच्या पोराचं नाव घेऊन चौकशी करतात, असं मॅडम सांगायच्या. येवढा मोठा क्लास, पर तुम्ही इसरत न्हाई."

मला त्यांच्या पोराचं नाव माहीत नव्हतं. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात उमरीत लाइट आली. हारातून मॅडम म्हणाल्या, "नमस्कार. आज गर्दी दिसतीय."

डबेवाली बाई उठून भिंतीला टेकली. चाचांनी घाईघाईनं उदबत्ती विझवली. सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. मग सगळे हसले, डबेवाली बाई हसता हसता पुन्हा रडली, आणि पालक आपापल्या वाटेनं गेले.

मी हार काढून खुर्चीपुढे बसलो.

"सर," मॅडम म्हणाल्या, "आता मी गेलेच आहे, तर दिवाळीची वाट कशाला बघायची?"

मी म्हणालो, कुठं जाऊ नका, आणि कॅमेऱ्यापुढेही बसू नका.

"मॅडम, आज मी कोणाकोणाची चौकशी केली?"

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी तीन नावं सांगितली, पहिलं कंधारच्या पोराचं. ती तळहातावर लिहून घेऊन मी वर्गात गेलो. तो तिसऱ्या बाकावर बसला होता. मला पाहताच तो मार्कांचा कागद वहीत सरकवू लागला.

मी विचारलं, "जेवलास का?"