ढापलेलं पान

नंदुरबारमध्ये बसून लोकांच्या वेबसाइटना जागा भाड्याने द्यायची, ही अक्कल माझी नव्हती. ती माझ्या भागीदाराची. शाळेपासूनचा मित्र तो. वर्षभर पुण्यात राहून आला आणि येताना ही कल्पना घेऊन आला. परदेशातल्या एका कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घ्यायची आणि तिचे तुकडे करून इथल्या दुकानदारांना, डॉक्टरांना, शाळांना किरकोळ विकायचे. त्यासाठी आम्हाला लागणार काय, तर एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि आमची स्वतःची झकपक वेबसाइट.

खोली मिळाली ती मिरचीच्या पथारीला लागून, पहिल्या मजल्यावर. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मोकळं मैदान. हिवाळ्यात खिडकी उघडली की खाली सगळं लालभडक दिसायचं आणि जरा वारा सुटला की आम्ही दोघे शिंकत सुटायचो. गिऱ्हाइकाचा फोन आला की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने तोंडावर उशी दाबून शिंकायचं, अशी आमची कामाची वाटणी होती. आजही कुठे मिरचीचा ठसका लागला की मला ते दिवस आठवतात आणि चक्क बरं वाटतं. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

वेबसाइटवर लिहायचं काय, इथे आमचं घोडं अडलं. दोघांनाही मराठीत निबंध लिहून जमाना झाला होता. दोन दिवस आम्ही 'आमची कंपनी' एवढंच टाइप करून चहा पीत बसलो. तिसऱ्या दिवशी भागीदाराने पुण्याकडच्या एका जुन्या, नावाजलेल्या होस्टिंग कंपनीचं मराठी पान उघडलं, सगळा मजकूर एका झटक्यात उचलला आणि आमच्या पानावर आणून टाकला.

"अरे, हाई चोरी शे," मी म्हणालो.

"चोरी कशी? त्यासनं तठेच शे ना अजून!" तो म्हणाला. "आन हाई बठ्ठं कोन वाचस रे? लोके नंबर देखतस नि फोन करतस."

मला पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं. त्या कंपनीचं नाव होतं तिथे आमचं आणि 'पुणे' होतं तिथे 'नंदुरबार', एवढं काम कॉम्प्युटरच एका दमात करून देतो. त्यासाठी मजकूर वाचावा लागत नाही, आणि आम्ही तो वाचला नाही.

पहिली फजिती आठवड्यातच झाली. कोरीटचे एक केळीवाले पाटील आम्हाला शोधत आले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, आयटी पार्कला चल. त्याने त्यांना नेऊन बागेत सोडलं. तिथून विचारत विचारत ते घामाघूम होऊन आमचा जिना चढले, आम्हा दोघांकडे पाहिलं, खोलीच्या चारी कोपऱ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "बाकीना अठ्ठावन कथा गयात भो?" आमच्या पानावर साठ इंजिनिअरांचा ताफा होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाटील मोठ्या मनाचे, ते हसले आणि गिऱ्हाईकही झाले. आम्ही आयटी पार्कची आणि ताफ्याची अशी दोन वाक्यं काढून टाकली. बाकीचं पान वाचायचं तेव्हाही सुचलं नाही, कारण आम्ही हसण्यात गुंग होतो.

वर्ष सरता सरता एक बाई आल्या. मोलगीकडच्या डोंगरातल्या शाळेत त्या शिकवायच्या. घरची भाषा पावरी, आमच्याशी मात्र शाळेतलं स्वच्छ मराठी. त्यांच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका पेरणीची, लग्नाची, होळीची जी गाणी म्हणतात, ती मोबाइलवर रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवायची, असा त्यांचा बेत होता. खुर्चीत बसल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या पानावर लिहिलंय तसंच सगळं असतं ना?"

"अगदी तसंच, मॅडम," मी म्हणालो. हे मीच म्हणालो, भागीदार नाही.

मग दर आठ-पंधरा दिवसांनी एखादं गाणं चढायचं. आम्हाला पावरीचा एक शब्द कळत नव्हता, पण गाणं आलं की आम्ही कामं सोडून ते लावायचो. एका म्हातारीचं पेरणीचं लांबलचक गाणं आमचं सगळ्यात लाडकं होतं. म्हणता म्हणता ती मधेच थांबायची, बाईंनी सांगितलं त्याप्रमाणे दाण्यांत शिरलेल्या कोंबडीला सणसणीत शिव्या घालायची आणि जिथे सोडलं तिथूनच सूर उचलायची. त्या जागेची आम्ही वाट बघायचो. भागीदार तर दिवसभर तीच चाल गुणगुणायचा. इतकं सुखाचं काम मी नंतर कधी केलं नाही.

आणि एका सकाळी फोन वाजू लागले. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट बंद. परदेशातल्या त्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. मेल करा, चॅट करा, पलीकडे कुणी नाही. दुकानांची पानं चार-चार ओळींची, ती आम्ही आठवड्यात पुन्हा उभी केली. पाटलांनी तर व्हॉट्सॲपवर केळीचे नवे फोटो पाठवून वर आमचीच समजूत काढली. बाईंच्या गाण्यांची मात्र आमच्याकडे काहीच प्रत नव्हती. भागीदार आठवण झाली की पेनड्राइव्हवर सगळं उतरवून घ्यायचा, आणि त्याला शेवटची आठवण झाली ती बाई येण्याआधी.

त्यांचा फोन लागेना. डोंगरात रेंजचा पत्ता नसतो. शेवटी बाजाराचा दिवस गाठून आम्ही एसटीने अक्कलकुव्याला आणि तिथून जीपने मोलगीला गेलो. बाई चहाच्या टपरीवर भेटल्या. वाटेत घोकलेलं सगळं मी एका श्वासात सांगून टाकलं आणि वर म्हणालो, "तुमच्या मोबाइलमध्ये असतील ना गाणी? उद्याच पुन्हा चढवतो."

"मोबाइलमध्ये कशी असतील?" त्या म्हणाल्या. "जागा पुरत नाही. एक चढवलं की पुसायचं आणि पुढचं घ्यायचं. तुम्हीच लिहिलं होतं ना, भाऊ?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी तीन कंपन्यांची पानं वहीत हाताने उतरवून घेतली होती, कुठली चांगली ते ठरवायला. त्यांनी आमचं पान वाचून दाखवलं. 'आपल्या मजकुराची प्रत आम्ही दररोज दुसऱ्या शहरात सुरक्षित ठेवतो. आपण निश्चिंत राहा.' आमच्याच पानावरचं ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मला इतकी लाज वाटली की समोरचा चहा पिववेना. त्या ओरडल्या असत्या तर मीही चार शब्द उलटून बोललो असतो, माझा स्वभावच तसा आहे. पण त्या रागावल्याच नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पुढच्या बाजाराला या. पुन्हा म्हणून घेऊ."

पुढचे सहा महिने बाजाराच्या प्रत्येक दिवशी आम्ही मोलगीला गेलो. बाई म्हाताऱ्यांना बोलावून आणायच्या आणि आम्ही रेकॉर्ड करायचो. 'ही शहाणी पोरं गाणी हरवून बसली' असं त्या एकमेकींना सांगायच्या (अर्थ बाईंकडून कळायचा), आमच्याकडे बघून पोट धरून हसायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. एक सोडून सगळी गाणी परत मिळाली. कोंबडीवाली म्हातारी मात्र साइट बंद पडल्या त्याच पावसाळ्यात वारली होती. ते गाणं तिच्या आईकडून तिला आलेलं, बाकीच्यांना पुरतं येत नव्हतं. मला चाल येत होती, शब्द येत नव्हते. मी ती गुणगुणून दाखवली तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग एकेक करून शब्द जुळवू लागल्या. त्यांना आठवल्या त्या दोन ओळी बाईंनी लिहून घेतल्या. साइटवर त्या गाण्याच्या आजही दोनच ओळी आहेत.

मग मी आमचं पान पुसून स्वतः लिहायला बसलो. त्यात एक वाक्य असं लिहिलं: 'आमच्या हलगर्जीपणामुळे एका आजीचं गाणं कायमचं गेलं, तेव्हापासून आम्ही रोज प्रत घेतो आणि ती उघडून बघतो.'

"हाई वाचीसन गिऱ्हाईक पळी जाई," भागीदार म्हणाला.

"पळू दे," मी म्हणालो.

गिऱ्हाईक पळालं नाही. भागीदार मात्र लग्नानंतर सुरतला नोकरीला गेला, आणि धंदा मी एकट्याने चालू ठेवला. खोली बदलली. नवी खोली स्वच्छ आहे, तिथे कुणी शिंकत नाही, आणि मला ती अजून आपली वाटत नाही.

मागच्या वर्षी शहाद्याच्या एका नव्या कंपनीचं पान कुणीतरी मला पाठवलं. पान आमचंच होतं, शब्दन् शब्द. फक्त नाव आणि गाव बदललेलं. आणि त्यात आजीचं वाक्यही होतं. माझं डोकंच फिरलं. आम्ही काय केलं होतं ते त्या क्षणी मी सोयीस्कर विसरलो आणि फोन लावला. एका मुलीने उचलला. कंपनी तिची आणि तिच्या बहिणीची होती.

"तुमच्याकडून कुठलं गाणं हरवलं?" मी विचारलं.

"गाणं? कोणतं गाणं, सर?"

माझा राग तिथेच गळाला. "तुमचं पान उघडा," मी म्हणालो, "आणि मला मोठ्याने वाचून दाखवा."

ती बिचारी वाचू लागली. त्या वाक्यापाशी आली, ते अर्धं वाचलं आणि थांबली.

"हे खरं आहे का, सर?"

"खरं आहे. प्रत रोज कशी घ्यायची, ते मी उद्या येऊन शिकवतो. बाकीचं पान खुशाल ठेवा. पण तेवढं वाक्य काढा, पोरी. त्या आजीचं गाणं आमच्या हातून गेलं, तुमच्या नाही."