निरंक गाव

नगरच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली आणि आबांचा हिशोब आडवा आला. आबा म्हणजे माझे वडील, गावचे पोलीस पाटील. नगरहून येणाऱ्या शिळ्या पेपरात ते आधी चोऱ्यामाऱ्या वाचायचे. "लई माणूस तितं लई चोर," हा त्यांचा सिद्धांत. आमच्या गावात मात्र काही घडत नसे, कारण दर महिन्याला ते फौजदाराला 'निरंक' कळवत. निरंक, म्हणजे एकही गुन्हा नाही. तेव्हा मी नगरला जायचं नाही.

मी पेटी भरायची, आईनं ती रिकामी करायची. रुजू व्हायची मुदत जवळ येत होती आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. नगरात माणसं किती नि चोऱ्या किती, घरटी भागून तरी बघा, असं मी म्हटलं, तर आबा भागाकार मला शिकवू नकोस म्हणाले. माझा नुसता तिळपापड झाला.

त्यातच वहिनीची सोन्याची कर्णफुलं गेली. आता तरी आबा फौजदाराला चोरी कळवतील, असं मला वाटलं. छे! आबांनी राख टाकायला सांगितली. आमच्याकडे चोरी झाली की प्रत्येक घरातल्या एकानं झाकलेली दुरडीभर राख घेऊन देवळामागच्या अंधाऱ्या खोलीत एकट्यानं जायचं, राख ओतायची, बाहेर यायचं. ज्यानं नेलं त्यानं वस्तू राखेत सोडायची. पुढं कुणी काही विचारायचं नाही.

रांगेत माझ्यापुढं शेजारची सून होती. डावा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला, दुरडी उजव्या हातावर तोललेली. नवऱ्यानं मारलं ते सगळ्या आळीनं ऐकलं होतं, आमच्या ओट्यावर तर जास्तच. बोलताना सगळे 'पडली' म्हणत. मी तिची दुरडी धरायला गेले, तर दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही म्हणून कुणीतरी मला मागं ओढलं.

सकाळी राख चाळली, फुलं सापडली. आबा खूश. महिना निरंक.

"आबा, तिचा हात कुठल्या राखंत सापडायचा?" मी विचारलं.

आईनं डोळे वटारले. आबा निरंकाचा कागद लिहायला बसले. मी तर आशाच सोडली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी पेटी ओट्यावर आणून ठेवली आणि एसटी गाठायची तर आवर म्हणाले.

फाट्यावर गाडीची वाट बघतानाही त्यांचं चालूच होतं, कडी लावून झोप, अनोळखी माणसाशी बोलू नको. तेवढ्यात शेजारची सून दुष्काळी कामावर जाताना दिसली. हात अजून गळ्यातच होता. आबांना बघून तिनं पदर पुढं ओढला, तरी थांबली.

"तितं एकट्या बाईला खोली मिळती का, ताई?"

मी स्वतःची खोली अजून पाहिलेलीही नव्हती, पण मिळते म्हणाले.

"शाळेचा पत्ता दे तिला," आबा रस्त्याकडं बघतच म्हणाले.