उस्मानचाचांची उजवी बाही

महाडहून वरंधच्या शाळेत जायला मला उस्मानचाचांचा टेम्पो मिळायचा. मे महिन्यात मी घामाने निथळत असे आणि या गृहस्थाच्या उजव्या हातावर मात्र पंजा कापलेला लोकरी पायमोजा, बोटांपासून कोपरापर्यंत चढवलेला! विचारलं की म्हणायचे, "डावा हात महाडचा हाय गुरुजी, उजवा काश्मीरचा." मी हसायचो.

एकदा मोज्यातून पाणी पाझरताना दिसलं. तेव्हा मीच हट्टाने त्यांना मुंबईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. मोजा उतरला. हातभर चपट्या, तांबूस चामखिळी आणि मनगटाशी चिघळलेली गाठ. चामखिळी लहानपणापासूनच्या. थोरला भाऊ आखातात उन्हात राबायचा. त्याच्या कपाळावर अशीच गाठ झाली आणि तो तिकडेच वारला, हेही चाचा त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले का? सख्खे चुलत, चाचा म्हणाले. मग डॉक्टरांनी जे समजावलं, त्याने मी थक्क झालो. म्हणे, हा विषाणू तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच कातडीवर वस्तीला असतो. शरीर त्याला आवरून धरतं, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. चाचांना मात्र आईकडून आणि बापाकडूनही तोच सदोष जीन आलेला. आवरणारं कुणी उरलंच नाही. त्यावर वर्षानुवर्षं ऊन पडलं की चामखिळीचा कॅन्सर होतो. दोष एकाच बाजूने आला, तर माणूस आयुष्यभर ठणठणीत. ड्रायव्हरच्या खिडकीत तापणारा तो हात मला आठवत राहिला.

गाठ काढली. परतताना चाचांनी वेगळीच काळजी बोलून दाखवली. त्यांच्या मुलीचं, नसरीनचं, लग्न लहानपणीच बहिणीच्या, जैनबच्या, मुलाशी ठरलेलं होतं. ईदनंतर निकाह होता. आणि जैनबच्या हातांवरही हेच डाग होते.

चाचांनी लग्न मोडलं. जैनब नात्यातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आली. डॉक्टरांचं म्हणणं सांगायला मलाही बोलावलं होतं. माझं व्याख्यान वर्गात कुणी ऐकत नाही, तिथे कोण ऐकणार? जैनबचा एकच सवाल होता, माझ्या पोरात काय खोट हाय?

चाचांनी सगळ्यांसमोर मोजा उतरवला.

"खोट तुझ्या पोरात नाय, माझ्या पोरीतही नाय. दोघांकडं अर्धी अर्धी हाय गो. ती जुळली तर एखाद्या नातवंडाच्या हातावर हेच उगवायचं."

 जैनबने ओढणीखालचा स्वतःचा हात काढला आणि भावाच्या हाताशेजारी ठेवला. जन्मभर लपवलेली गोष्ट अशी उजेडात ठेवायला केवढी छाती लागते!

नसरीनला पोलादपूरला, नात्याबाहेरच्या घरात दिलं. गाठ पुन्हा उलटली आणि काही वर्षांनी चाचा गेले. मोजा त्यांनी त्या दिवसानंतरही घातला, पण फक्त उन्हासाठी.

पुढे एकदा पोलादपूरच्या नाक्यावर उभ्या जीपमध्ये नसरीन दिसली. तिच्या मुलीने खिडकीतून हात बाहेर काढला होता, भर उन्हात. हात आत घे गो, मी ओरडलोच.

नसरीनने तो गोरा, नितळ हात माझ्यासमोर धरला.

"राहू दे गुरुजी," ती म्हणाली. "हिला ऊन चालतं."