सरांचा डबल बाँड

सर गेले, आणि मला सकाळपासून गंधकाबद्दलच बोलावंसं वाटतंय.

एडवणचे आमचे सर. पालघरच्या कॉलेजातून रिटायर झालेले, ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाले. रिटायर झाल्यावरही घरी आम्हा मुलांना शिकवायचे. आज पहाटे झोपेतच गेले.

मी कुंभवलीची. पप्पा तिथल्याच केमिकल कंपनीत. घरातली पहिली ग्रॅज्युएट. आमच्याकडे केमिकल म्हटलं की नाकाला रुमाल लावतात. सरांनी मला त्याच केमिकलच्या प्रेमात पाडलं!

त्यांची ही एक गोष्ट ऐकाच.

साठच्या दशकात सर मुंबईत पीएच.डी. करत होते. काम काय? तिहेरी बंध असलेल्या रेणूला गंधकवाला रेणू जोडायचा. पण बेतानं. तिहेरीचा दुहेरी, म्हणजे डबल बाँड व्हायला हवा, आणि तिथेच थांबायला हवं.

वास इतका भयंकर, की सुट्टीत घरी आले की आई अंगणातच अडवायची.

"आत नाय यायचं! आदी विहिरीवर जा. सुकी मासळी परवडली, पण तू नको."

शेवटी पदार्थ तयार झाला. सरांनी त्यात ब्रोमीन टाकलं. ब्रोमीनचा तांबडा रंग गायब! म्हणजे डबल बाँड आहे!

गाईडनी पाठ थोपटली. सोमवारी रिसर्च पेपर लिहायला घ्यायचं ठरलं. एडवणला आईनं नारळ फोडला, आळीभर खोबरं वाटलं.

आणि खोबरं खाताखाता सरांचा घास अडकला.

रंग घालवायला डबल बाँडच कशाला हवा? गंधकसुद्धा ब्रोमीन खातं!

सोमवारी त्यांनी डबल बाँड नसलेला, नुसता गंधकवाला पदार्थ घेतला. ब्रोमीन टाकलं.

रंग गायब.

म्हणजे परीक्षाच फुकट. एवढ्या वर्षांचं काम खरं की खोटं, कुणालाच माहीत नाही.

गाईड ओरडले, "गाढवा, आधी सुचलं नाही?"

"तुम्हालाही नाही सुचलं, सर."

हिंमत बघा!

मग हायड्रोजनची परीक्षा. डबल बाँड असेल तर तो एक माप हायड्रोजन घेतो. तिहेरी राहिला असेल तर दोन. काहीच नसेल तर शून्य. पण इथेही गंधक आडवं! हायड्रोजन जोडून देणारा कॅटॅलिस्टच त्याच्यामुळे मरतो.

सरांनी आधी गंधकाला ऑक्सिजन जोडला, त्याचं तोंड बंद केलं. मग हायड्रोजन सोडला.

हायड्रोजन संपेल तसं नळीतलं पाणी चढायला लागलं.

चढलं... चढलं...

थांबलं. बरोब्बर एका मापावर.

एक!!

हे सांगताना ऐंशी ओलांडलेले सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मीही!

मी विचारलं, "आणि शून्य आलं असतं तर, सर?"

"तर शून्य लिहिलं असतं, बाय. दुसरं काय लिहिणार?"

एम.एस्सी.ला ऑरगॅनिकच घेतलंय, सर.

या आता. मनापासून नमस्कार.