न्या आता यांना

पुष्पावती बेलापूरची, बागायतदाराची लेक. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा ती माहेरी परतली, आणि भावजयांच्या हाताखाली जन्म काढण्यापेक्षा नर्सिंगला गेली. तिच्या भावकीत तोवर कुठल्या बाईनं नोकरी केली नव्हती. शिकताना तिचं 'हाय-न्हाई' गेलं, 'आहे-नाही' आलं, आणि कमीत कमी शब्दांत काम उरकायची सवय लागली. नगरच्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात, ज्याला सगळे कॅज्युअल्टीच म्हणत, ती सवय फार उपयोगी पडे. तिथं बोलायला सवड कुणाला होती?

त्र्याहत्तर सालचा मार्च चालू होता. दुष्काळानं निम्मा जिल्हा खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर बसवला होता. चेचलेली बोटं, डोळ्यांत उडालेल्या कपच्या, उन्हानं भोवळ येऊन पडलेल्या बाया, असं सकाळपासून येत राही. त्यातच एके दिवशी करंजीच्या घाटाखालच्या एका पाझर तलावाच्या कामावरून सहादेवला आणलं. तिशीतला गडी. दरड सुटून धोंडा मांडीवर आला होता. हाड मोडलं होतं आणि आतल्या आत रक्त जाऊन तोंड पांढरंफटक पडलं होतं. बरोबर बाप भिमाजी आणि बायको चांगुणा. कामावरच्याच टेम्पोनं त्यांना आणलं होतं आणि तो फाटकाबाहेर थांबला होता.

सहादेव सारखा पाणी मागत होता. पुष्पावतीनं बजावलं, "थेंबसुद्धा द्यायचा नाही. ऑपरेशन करावं लागेल." चांगुणानं पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं, तर तिच्यावरही ती खेकसली. मग सलाईन चढलं, नाडी भरली, एक्स-रेचा फोटो निघाला. पायाला ताण देऊन बांधायचा लोखंडी सांगाडा असतो, तो लावला. दुपारच्या आत डॉक्टरांनी ठरवलं की ऑपरेशनची गरज नाही, वरच्या वॉर्डात वजनं लावून हाड जुळेल.

नेमका त्याच वेळी मजुरांचा उलटलेला ट्रक दारात आला. रक्तानं भरलेली माणसं, रडारड, स्ट्रेचर पुरेनात. ड्यूटीवरचे डॉक्टर नागपूरकडचे होते. ते लांबूनच म्हणाले, "सिस्टर, त्या मांडीवाल्याला हलवा." ड्रेसिंगचा ट्रे घेऊन पळता पळता पुष्पावती भिमाजीपाशी क्षणभर थांबली.

"बाबा, न्या आता यांना. इथलं सगळं झालंय."

चांगुणानं हळूच विचारलं, "पानी?"

"पाजा की. काय मागतील ते द्या."

भिमाजीनं हात जोडले. पुष्पावतीला वाटलं, आभार मानतोय म्हातारा. ती पुढं गेली.

गर्दी ओसरल्यावर वरच्या वॉर्डातून केशरबाई सिस्टर खाली आल्या. "तुमचा मांडीवाला कुठंय? मी खाट लावून बसलेय."

कॅज्युअल्टीतली खाट रिकामी होती. दवाखान्याच्या चादरीची नीट घडी घालून ठेवली होती. त्या घडीवर तो लोखंडी सांगाडा होता आणि त्याच्या पट्ट्या गुंडाळून वर ठेवल्या होत्या.

"पळाला," डॉक्टर म्हणाले. "हाडवैद्याकडे नेलं असेल. रोजचंच आहे हे."

"पळून जाणारा माणूस चादरीची घडी घालत नाही, साहेब," पुष्पावती म्हणाली.

डॉक्टर खाटेजवळ आले. सांगाडा उचलून त्यांनी परत ठेवला. "तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

पुष्पावतीनं आपली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. हे बोल तिनं आधी ऐकले होते. वडिलांच्या शेवटच्या आजारात श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी भावांना बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं: न्या आता घरी, काय मागतील ते द्या. आठवडा उलटायच्या आत वडील गेले होते.

दवाखान्याची गाडी ट्रकमधल्या एका जखमीला घेऊन पुण्याला गेलेली. एसटीनं जाऊन त्याला परत आणायला डॉक्टरांनी तिला ड्यूटीतून सोडलं. "पाय हलत राहिला तर पुन्हा रक्त सुटेल. पाऊल गार लागलं तर अजिबात वेळ घालवू नका," ते म्हणाले. मग सांगाडा तिच्याकडे देत म्हणाले, "मीसुद्धा नुसतं 'हलवा' म्हणालो होतो."

सांगाडा काखेत मारून ती पाथर्डीच्या एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे काय औताचं हाय का?" तिनं मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. गाडी प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. दोन्ही बाजूंना उघडी रानं, पाचोळासुद्धा नाही. ती सीटवरून उठून दाराशी गेली, परत येऊन बसली, परत उठली. नोकरीच्या सहा वर्षांत 'पळाला' म्हणून किती खाटा तिनं मोकळ्या करून घेतल्या होत्या? त्यातले खरंच पळालेले किती? एकाचाही चेहरा नीट आठवेना. घाट उतरताना गाडी वळणावर कलंडली तेव्हा तिला टेम्पोच्या फळ्यांवर आदळणारी ती मांडी दिसली, आणि तिनं दांडी घट्ट धरली.

तलावाच्या कामावर विचारल्यावर बायांनी वस्तीकडं बोट दाखवलं. ती जवळजवळ पळतच गेली.

सहादेवला अंगणात, सारवलेल्या जागेवर घोंगडी टाकून निजवलं होतं. सोयरेधायरे गोळा झाले होते. त्याची आई गोजरबाई उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. सहादेव शुद्धीवर होता. गुरांच्या छावणीतला बैल कुणाला द्यायचा ते तो बापाला सांगत होता. पुष्पावतीला पाहून म्हणाला, "बाई, तुमी कशाला आलात येवढ्या उन्हाचं?"

तिनं खाली बसून आधी त्याच्या पावलाला हात लावला. पाऊल कोमट होतं. मांडी मात्र सकाळपेक्षा सुजली होती आणि पाय वाकडा पडला होता.

"बाबा, मला यांना वरच्या वॉर्डात न्या म्हणायचं होतं. घरी नाही," ती म्हणाली. मग हाड, रक्तदाब, वजनं, सगळं समजावून सांगू लागली. ऐकणारे ऐकत होते, पण कुणी जागचं हललं नाही.

भिमाजी शांतपणे म्हणाला, "बाई, उगं आमचं मन राखू नका. सकाळधरनं थेंब दिऊ दिला न्हाई तुमी. मंग येकदम म्हनला, काय मागंल ते द्या. आमी अडानी हाय, पर येवढं कळतं."

आपणच सांगितलेलं आता कुठल्या तोंडानं फिरवायचं? तेवढ्यात गोजरबाईनं पुन्हा चमचा पुढं केला, आणि पुष्पावतीनं म्हातारीचं मनगट धरलं.

"थांबा, मावशी. आता पाणी न्हाई. काहीच द्यायचं न्हाई. हाड सरकलंय. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं पायजे."

भिमाजी उठून उभा राहिला.

"ऑपरेशन करनार?"

"लागलं तर करणार."

"म्हंजी करण्याजोगं हाय?"

"हाय की, बाबा. म्हणून तर आले."

चांगुणानं उशाशी असलेला तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.

मग धावाधाव झाली. पाय ओढून सांगाड्यात बांधताना सहादेव इतका ओरडला की गोजरबाईनं कानांवर हात ठेवले. टेम्पो केव्हाच परत गेला होता. छावणीवर उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांचा चारा, टाकायला आलेला ट्रक तेवढा होता. त्याचा श्रीमंत नावाचा ड्रायव्हर तयार होईना. "वाटंत कमीजास्त झालं तर? माझ्या गाडीत नको," तो म्हणाला.

पुष्पावती तोंड उघडणार, तोच चांगुणा पुढं झाली. दिवसभरात ती एकच शब्द बोलली होती.

"काय व्हत न्हाई त्यास्नी. त्यांचं पानी बंद केलंय."

श्रीमंतनं तिच्याकडं पाहिलं, मग पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टरकडं पाहिलं. वाढ्याच्या चार पेंढ्या त्यानं फळ्यांवर पसरून घेतल्या आणि नगरपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. सबंध वाट पुष्पावती पाऊल हातात धरून बसली होती. ते गार वाटलं की तिचा जीव वर येई. मग कळे, गार आपलेच हात झालेत.

ऑपरेशन लागलं नाही, पण टेम्पोतल्या धक्क्यांनी हाड सरकलं होतं ते मुळासारखं जुळलं नाही. सहादेव आपल्या पायांनी घरी गेला, मात्र तो पाय बोटभर आखूड राहिला. ओझ्याचं काम त्याला पुन्हा झालं नाही. तो छावणीवर जनावरं राखू लागला. त्याच्या घरच्यांनी तिला कधी बोल लावला नाही. भिमाजी तर नगरला आला की मुद्दाम डोकावून जाई. त्या येण्यानं तिला बरं वाटायचं नाही. सहादेव लंगडतो कसा, जिना चढतो का, हेच ती दर वेळी विचारत राही.

त्यानंतर काहीही सांगितलं की ती नातेवाइकांना थांबवून म्हणे, "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा." खेड्यातले लोक लाजत, पण सांगत. कुणी भलतंच सांगे, मग ती पुन्हा बसे. एकदा नगरातले एक मास्तर भडकले, "मला काय अडाणी समजता?" तक्रार मेट्रनपर्यंत गेली. खोळंबा होतो, रांग वाढते, हेही खरंच होतं. पुष्पावतीनं मास्तरांची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या माणसाला तेच विचारलं. डॉक्टर बदलून नाशिकला गेले, नवे आले. त्यांनाही प्रथम ही बाई जरा वेळखाऊ वाटली. तिनं वाद घातला नाही. पाळी संपली की जिना चढून वरच्या वॉर्डात जायची आणि आपण धाडलेला प्रत्येक माणूस खाटेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच घरची वाट धरायची.